थांबायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर मी तुमचे आभार मानले, पण माझं समाधान झालं नाही. घरात दोन कुत्री आहेत, एकाला शिकवायला घेतलं की दुसरं घर डोक्यावर घेतं आणि शेवटी दोघांपैकी कुणाचंच धड शिकणं होत नाही, अशी माणसं पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

माझ्याकडेही दोन कुत्री आहेत, भोलू आणि चिंगी. मी तुम्हाला बोलावलं होतं ते भोलूसाठी. भोलू बुजरा. नवीन माणूस, नवीन वस्तू, जरा मोठा आवाज, काहीही झालं की अंग चोरणारा. सोप्या सोप्या गोष्टी जमत गेल्या की त्याला धीर येईल, असं मला वाटत होतं. पण खाऊची पिशवी कमरेला लावून मी त्याच्यासमोर उभी राहिले की जाळीच्या दाराआड चिंगीची कुईकुई सुरू व्हायची, मग भुंकणं, मग दारावर पंजे. तुम्ही बराच वेळ काही न बोलता दोघांकडे पाहत बसलात आणि म्हणालात, "शिकवणी आधी चिंगीची. भोलूला सध्या सुट्टी."

या निर्णयासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. गप्प थांबणं हेही एक काम आहे. 'बस' किंवा 'ये' जसं मुळापासून शिकवतो तसंच ते शिकवावं लागतं, आणि त्याचा मोबदला समोर काम करणाऱ्या कुत्र्याइतकाच, सुरुवातीला तर त्याहूनही जास्त द्यावा लागतो. पुढे तुम्ही सांगितलेलं सगळं याच एका गोष्टीतून आलं.

चिंगीला कुणी हट्टी म्हणायचं, कुणी लाडावलेली. तुम्ही यातलं काहीच म्हणाला नाहीत. तुम्ही माझ्या हातातल्या क्लिकरकडे, म्हणजे दाबल्यावर 'क्लिक' वाजणाऱ्या त्या छोट्या डबीकडे, बोट दाखवलंत. क्लिक झालं की खाऊ येतो, हे चिंगी भोलूच्या कितीतरी आधी शिकली होती. ठरावीक आवाजानंतर अन्न मिळत गेलं की नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. तो आवाज कुणासाठी केला आहे, हे कुत्र्याला आपोआप कसं कळणार? मी भोलूसाठी केलेलं प्रत्येक क्लिक चिंगीला तिच्यासाठी वाजल्यासारखं वाटत होतं, आणि प्रत्येक वेळी खाऊ मात्र दुसऱ्याच्या तोंडात जात होता. एवढं समजल्यावर तिच्या भुंकण्याकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

त्यावेळी तुम्ही व्हिएन्नातल्या प्रयोगाबद्दल सांगितलंत, तो नंतर मी मुद्दाम वाचला. फ्रीडरिके रांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ सालचा अभ्यास. दोन कुत्री शेजारी शेजारी बसवून त्यांना पंजा द्यायला सांगितलं. एकाला पंजा दिल्याबद्दल खाऊ मिळतोय आणि आपल्याला काहीच नाही, असं झालं की वगळलेलं कुत्रं पंजा द्यायला लवकर नकार द्यायचं, अस्वस्थ व्हायचं. पण एकाला पाव आणि दुसऱ्याला सॉसेज दिलं, तर पाव मिळणारं कुत्रं पंजा देतच राहायचं. काहीच न मिळणं खुपतं, कमी प्रतीचं मिळणं तेवढं खुपत नाही. प्रयोगातली गोष्ट प्रत्येक घरात जशीच्या तशी लागू पडेल असं नाही, पण चिंगीला ती तंतोतंत लागू पडली. भोलूसाठी खास खाऊ आणि चिंगीसाठी तिच्याच रोजच्या जेवणातले सुके दाणे, असं तुम्ही ठरवून दिलंत. प्रत्येक क्लिकला दोघांनाही मिळालंच पाहिजे, हा पहिला नियम. तो पाळला तेव्हाच निम्मी कुईकुई गेली.

बाकीची निम्मी घालवायला खरी मेहनत लागली, आणि तुम्ही ज्या चिकाटीने ती करवून घेतलीत ती मी विसरणार नाही. चटईपासून सुरुवात. भोलू दुसऱ्या खोलीत, घरात शांतता, आणि चिंगीला चटईवर बसण्याचेच दाणे. दाणा हातातून भरवायचा नाही, तिच्या पुढच्या दोन पंजांच्या मधे चटईवरच ठेवायचा, म्हणजे मान वर करून माझ्या हाताकडे झेपावण्याऐवजी तिचं लक्ष चटईकडे राहतं. ही बारीकशी गोष्ट, पण तिने तिची सगळी बैठकच बदलली. कोपरं टेकली, कंबर एका बाजूला कलली.

त्यानंतर तुम्ही मला रिकाम्या खुर्चीला शिकवायला लावलंत. खुर्चीसमोर उभं राहून "बस", क्लिक, चिंगीच्या चटईवर दाणा. खुर्चीला "शाब्बास", पुन्हा चटईवर दाणा. घरातल्यांना मौज वाटली, पण तुम्ही त्यात पूर्ण गंभीर होतात आणि त्याचं कारणही सांगितलंत. चिंगीला चेतवणाऱ्या गोष्टी अनेक होत्या: माझा आवाज, क्लिक, खाऊच्या पिशवीतला हात, दुसरं कुत्रं, त्याची हालचाल. सगळ्या एकदम समोर आल्या तर ती कशाशीच जुळवून घेऊ शकत नाही. खुर्चीमुळे दुसरं कुत्रं वजा झालं आणि उरलेल्यांचा सराव झाला. मग खुर्चीच्या जागी भोलू आला, पण नुसता बसलेला. मग भोलू जागच्या जागी 'बस', 'झोप' करणारा. भोलू धावतोय, उडी मारतोय, वस्तू आणून देतोय हे सगळ्यात शेवटी, कारण हालचाल पाहून चिंगी सर्वात जास्त पेटते. अंतर कमी केलं की वेळ कमी करायची, वेळ वाढवली की अंतरही वाढवायचं, दोन्ही एकदम अवघड करायचं नाही.

वेळेबद्दलही तुमचं सांगणं नेमकं होतं. दोन दाण्यांमधलं अंतर दर खेपेला वाढवतच नेलं तर कुत्र्याला कळतं की काम अवघडच होत जाणार आहे, आणि ते कंटाळतं. म्हणून दोन सेकंद, पाच, तीन, आठ, एक, सहा असं खाली-वर. मधूनच एखादी अगदी सोपी खेप आली की तिचा उत्साह टिकतो.

आता त्या गोष्टीबद्दल, जी मला कुणीच सांगितली नव्हती आणि जी दोन कुत्री असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. कुत्रं भुंकतं, आपण थांबतो, ते गप्प होतं, आपण लगेच खाऊ देतो. आपल्या लेखी आपण शांततेला बक्षीस दिलं. कुत्र्याच्या लेखी मात्र एक साखळी तयार होते: भुंक, थांब, खाऊ घे. चिंगीसारखं चलाख कुत्रं ती झटपट शिकतं आणि खाऊ हवा असला की आधी मुद्दाम भुंकून घेतं. म्हणून दाणा पडायला हवा तो भुंकण्याच्या आधी, शांतता अजून मोडलेली नसताना. त्यासाठी मला तिच्याकडे पाहणं भाग होतं. तुम्ही माझी उभं राहण्याची जागाच बदललीत: भोलू माझ्या समोर, आणि त्याच्या पलीकडे चिंगी, म्हणजे एकाच नजरेत दोघं. भुंकण्याआधी तिचं उघडं तोंड मिटतं, कान पुढे येतात, वजन पुढच्या पायांवर सरकतं. हे तुम्ही मला दाखवलंत, आणि एकदा दिसल्यावर ते दिसतच राहिलं. तेवढ्यात दाणा टाकायचा किंवा भोलूचं काम सोपं करायचं.

आणि तरीही भुंकलीच तर? "दुर्लक्ष करा, आपोआप गप्प होईल" हा सल्ला मला चारी बाजूंनी मिळाला होता. तुम्ही तो का चालत नाही ते समजावलंत. पूर्वी फळ देणारी गोष्ट अचानक फळेनाशी झाली की प्राणी आधी ती अधिक जोराने करतो. त्या टप्प्यावर घरातलं कुणीतरी कंटाळून तिच्याकडे वळतंच, आणि मग सगळ्यात मोठ्या भुंकण्यालाच फळ मिळतं. कधीमधी मिळणाऱ्या फळामुळे सवय किती चिवट होते, हे फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली त्यांच्या संशोधनात सविस्तर मांडलं आहे. शिवाय भुंकण्यात कुत्र्याचा स्वतःचा ताण मोकळा होतो, ते बक्षीस आपल्या हातात नसतंच. म्हणून चिंगी भुंकली की तो निरोप समजायचा, की आत्ताचं काम तिच्या आवाक्याबाहेर गेलं. अंतर वाढवायचं, भोलूची हालचाल थांबवायची आणि तिला जमेल अशा पायरीवर परत यायचं.

भुंकल्यावर धक्का देणारा किंवा तोंडावर फवारा मारणारा पट्टाही सुचवला गेला होता. तुम्ही त्याला ठाम नकार दिलात. चिंगीची नजर त्या क्षणी भोलूवर खिळलेली असते, त्रास झाला तर ती तो भोलूशी जोडेल. एकाच घरात राहणाऱ्या दोन कुत्र्यांमध्ये असं वैर पेरून मिळवलेली शांतता कुणाच्या कामाची? तुमच्या त्या ठामपणाबद्दल वेगळे आभार.

आणि भोलू! सगळ्या गडबडीत त्याचं काय होतंय हे पाहणाऱ्या तुम्ही एकट्या होतात. चिंगी भुंकली की तो अर्ध्यावर थबकायचा, तोंड फिरवायचा, जांभई द्यायचा, उगाच जमीन हुंगायला लागायचा. ही कुत्र्यांची अस्वस्थतेची लक्षणं आहेत, आळसाची नव्हेत, हे तुम्ही सांगितलंत. मी शिकवणं थांबवून चिंगीकडे वळले की त्याला काय वाटत असेल? त्याने काम बरोबर केलं आणि तरी त्याची माणूस पाठ फिरवून गेली. म्हणून तुमचा उपाय: चिंगीकडे जायची वेळ आली तर आधी भोलूपुढे मूठभर खाऊ जमिनीवर पसरायचा, मग वळायचं. हुंगून हुंगून वेचण्यात त्याचा जीव रमतो आणि वगळल्यासारखं वाटत नाही. या एका सूचनेने भोलू किती बदलला ते तुम्ही स्वतः पाहिलं आहे.

पाळी बदलण्याचा तुमचा नियम मला सर्वात आवडतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ साली मांडलेलं तत्त्व असं, की प्राण्याला जे करायची ओढ जास्त असते ते कमी ओढीच्या कामासाठी बक्षीस म्हणून वापरता येतं. चिंगीला खाऊपेक्षाही काम करायची ओढ जास्त. मग तिची पाळी हेच तिच्या थांबण्याचं बक्षीस. ती चटईवर सैल पडून असताना तिचं नाव घ्यायचं, "चल" म्हणायचं, भोलूला त्याच्या चटईवर पाठवायचं. पहिली पाळी मुद्दाम तिची, छोटीशी, म्हणजे थांबण्याआधी तिची वाफ थोडी निघालेली असते. प्रत्येक पाळी दोन-तीन मिनिटांची, त्याहून लांब नाही. आता दोघांसाठी 'बरोबर'ची खूणही वेगळी आहे, भोलूला क्लिक आणि चिंगीला तोंडी "हो", त्यामुळे कुणाचं कौतुक चाललंय याबद्दल तिचा गोंधळ होत नाही.

ज्या दिवशी माझ्यात दोघांना सांभाळायची ताकद नसते, त्या दिवशी चिंगीला आतल्या खोलीत चघळायला किंवा चाटायला काहीतरी देऊन दार लावून घ्यायचं, अशी मोकळीकही तुम्ही दिलीत. चघळण्या-चाटण्याने ती शांत होते आणि भुंकण्याचा आणखी एक सराव टळतो. तुम्ही ते इतक्या सहजपणे सांगितलंत की माझ्या मनावरचं ओझंच उतरलं.

सध्याची स्थिती कळवते. भोलू आता फळीवर चारही पाय ठेवून उभा राहतो, बोगद्यातून पलीकडे जातो, आणि जाताना चिंगीकडे वळून पाहत नाही. चिंगी जाळीशिवाय, मोकळी, तिच्या चटईवर असते. दाणे बरेच विरळ झाले आहेत. भोलूने तोंडात चेंडू घेतला की मात्र ती अजून उठून उभी राहते, घशातून बारीक आवाजही काढते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही पुन्हा खुर्चीवर आलो आहोत, या वेळी खुर्चीवर चेंडू ठेवून. पुढची पायरी म्हणून चेंडू मी हातात घेऊन हळूच हलवावा, की आधी भोलूला दूरवर नुसता चेंडूजवळ बसवावा, ते तुम्ही या दोघांना पाहूनच सांगितलंत तर बरं. सवड झाली की या. भोलू आता तुम्हाला पाहून सोफ्यामागे जाणार नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

तुमची कृतज्ञ,
चिंगी आणि भोलूची माणूस