एफपीएलएलएल बनवणाऱ्या मंडळींना मनापासून थँक्यू

नमस्कार मंडळी,

लॅटिस रिडक्शनवर (म्हणजे बिंदूंच्या नियमित जाळीसाठी लांब व्हेक्टरांऐवजी आखूड व्हेक्टर शोधण्यावर) काम करणारे आम्ही सगळे पेपरात तुमच्या एफपीएलएलएल लायब्ररीचा एका ओळीत उल्लेख करतो आणि पुढे जातो, मला ते फार अपुरं वाटतं म्हणून हे पत्र लिहितेय. डेमियन स्टेले, मार्टिन आल्ब्रेख्त आणि तुमच्यासोबत कोड लिहिणारे, बग सोडवणारे सगळेच, खूप खूप आभार!

हे रिडक्शन करणारा एलएलएल अल्गोरिदम १९८२ चा, लेन्स्ट्रा, लेन्स्ट्रा आणि लोवास या तिघांचा. कागदावर पानभरात मावतो, पण मॅट्रिक्समधले आकडे शेकडो अंकी झाले की साध्या डबलमध्ये (कंप्युटरच्या नेहमीच्या, मोजक्याच अंकांच्या आकड्यांत) ग्राम-श्मिट, म्हणजे व्हेक्टर एकमेकांना काटकोनात आणायची आकडेमोड, कोलमडतं आणि सगळं अचूक अपूर्णांकात करायला जावं तर रन संपता संपत नाही. असे अंदाजे आकडे, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, वापरूनही उत्तराची खात्री देता येते हे न्गुएन आणि स्टेले यांनी २००५ मध्ये दाखवलं, आणि तुम्ही लोकांनी त्याचा चालणारा कोड करून एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकलात.

माझ्या एका नॅपसॅकवाल्या (दिलेल्या संख्यांतून ठराविक बेरीज जुळवायच्या प्रश्नाच्या) मॅट्रिक्सवर ‘इन्फिनिट लूप इन बाबाई’ असा एरर आला होता. सोर्स उघडाच आहे, आत जाऊन बघितलं तर साइज रिडक्शनला (व्हेक्टरमधून आधीचे व्हेक्टर वजा करून तो आखूड करायच्या, बाबाईच्या नावाच्या पायरीला) प्रिसिजन कमी पडत होतं, एमपीएफआर ही हवे तितके अंक देणारी लायब्ररी लावून ते वाढवलं आणि रिडक्शन नीट पार पडलं. चुकीचं उत्तर गपचूप हातात ठेवण्यापेक्षा प्रोग्रॅमने थांबून सांगितलं, याची किंमत रिसर्च करणाऱ्यालाच कळते.

आणि एफपीवायएलएलएल, म्हणजे तुमची लायब्ररी पायथनमधून वापरायचं पॅकेज, तर माझं खास लाडकं. त्यात अख्खं बीकेझेड (व्हेक्टरांचे ब्लॉक घेऊन चालणारं, एलएलएलपेक्षा ताकदवान रिडक्शन) पायथनमध्ये लिहिलेलं आहे, म्हणजे टूरचा, सगळ्या ब्लॉकांवरून होणाऱ्या एका फेरीचा, लूप आपल्या हातात, हवा तिथे बदला. ब्लॉक साइज २० ठेवून दर टूरनंतर ग्राम-श्मिट नॉर्मचा लॉग घेऊन ग्राफ काढला की उतार कसा हळूहळू सपाट होत जातो ते डोळ्यांनी दिसतं. रूट हर्माइट फॅक्टर (सापडलेला व्हेक्टर किती आखूड याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) एलएलएलला साधारण १.०२१९ आणि बीकेझेड-२० ला १.०१२८, हे गामा आणि न्गुएन यांचे २००८ चे आकडे मला पाठ होते, पण खरे समजले ते या ग्राफमुळे.

ऑगस्ट २०२४ मध्ये निस्ट या अमेरिकी मानक संस्थेने एमएल-केईएम हे लॅटिसवर आधारलेलं, गुप्त किल्ली ठरवायचं तंत्र स्टँडर्ड म्हणून जाहीर केलं. ते किती मजबूत हे शेवटी ते फोडायला केवढा ब्लॉक साइज लागेल यावरच ठरतं ना, मग तो अंदाज तपासायचं हत्यार सगळ्यांच्या हातात असायलाच हवं, नाहीतर कोणाच्या तरी शब्दावर विसंबून बसावं लागलं असतं. जी६के सारखं सीव्हिंगचं (खूप व्हेक्टर घेऊन त्यांतून आखूड गाळून काढायच्या पद्धतीचं) सॉफ्टवेअरसुद्धा तुमच्याच पायावर उभं आहे.

नवा कंपायलर आला की कुठेतरी बिल्ड तुटतो, तो दुरुस्त केल्याबद्दल कोणाला पेपर मिळत नाही, तरी तुम्ही ते करत राहता. त्या कामासाठी वेगळे आभार.

कळावे,
रोज तुमची लायब्ररी इम्पोर्ट करणारी एक रिसर्चर