लाल दिवा झोप आणत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आरोग्याच्या पानावर, रात्री लाल दिवा लावल्याने झोपही लागते आणि अंधारातली नजरही वाढते, असे छापून आले आहे. दोन निरनिराळ्या गोष्टी एका वाक्यात उरकल्यामुळे दोन्हींचा विपर्यास झाला, याचा मला मनापासून राग आला.

मराठा लाइट इन्फंट्रीत असताना रात्रीच्या गस्तीला निघण्यापूर्वी आम्हाला अर्धा तास अंधारात बसवत, आणि नकाशा पाहायचाच झाला तर बॅटरीच्या काचेवर लाल फिल्टर चढवल्याखेरीज ती पेटवू देत नसत. अंधारात पाहण्याचे काम दृष्टिपटलावरील दंडपेशी करतात. त्यांतील ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य उजेडात विघटित होते आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होते; नजर अंधाराला पुरती सरावायला ३० ते ४० मिनिटे लागतात. या पेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असून गडद लाल त्यांना जवळपास जाणवत नाही. त्यामुळे सरावलेली नजर मंद लाल उजेडात टिकते, वाढत मात्र नाही. (त्या उजेडात नकाशावरच्या तांबड्या आणि तपकिरी रेषा नाहीशा होतात, हा तोटाही आम्ही भोगला आहे.)

हे लिहिण्याचे कारण माझ्या शेताच्या वाटेवर आहे. गावाच्या वेशीवरचा पिवळा सोडियमचा दिवा काढून तेथे गेल्या वर्षी उघडा, पांढराशुभ्र एलईडी बसवला. थ्री-फेज वीज रात्री येते, म्हणून उसाला पाणी सोडायला मला त्याच दिव्याखालून जावे लागते. पावसाळा संपतानाच्या एका रात्री दिवा ओलांडून वीसेक पावलांवर शिवाराकडे वळलो आणि डोळ्यांपुढे नुसता काळोख उभा राहिला. वर्षानुवर्षे पायाखालचा बांध दिसला नाही, पाटात पडून मनगट मोडले. वय ६८ आहे. या वयात डोळ्यातील भिंग गढूळ होऊन प्रकाश विखुरते आणि अंधाराला सरावायलाही अधिक वेळ लागतो, हे मला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी समजावले. दिव्याला वरून झाकण घाला, म्हणजे उजेड रस्त्यावर पडेल आणि डोळ्यांत येणार नाही, असा अर्ज मी केला. उजेड वाढला तर तक्रार कसली, एवढेच उत्तर मिळाले.

झोपेची गोष्ट वेगळ्या पेशींची आहे. दृष्टिपटलातील काही चेतापेशींत मेलानॉप्सिन हे प्रकाश टिपणारे द्रव्य असते. त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूतील घड्याळाला अजून दिवस आहे असे कळवतात, त्यामुळे रात्री वाढणारे मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचे कळवणारे संप्रेरक, दबते. पांढरा एलईडी म्हणजे बहुतेक वेळा निळ्या एलईडीवर चढवलेला पिवळा लेप असतो, त्यामुळे त्यात निळा भाग राहतोच; ६५०० केल्विनच्या दिव्यात तो २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यापेक्षा बराच अधिक (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). लाल दिवा झोप आणत नाही, मंद असेल तर तो तिच्यात फारसा व्यत्यय आणत नाही इतकेच, आणि झगझगीत लाल दिवा लावून कोणी झोपू पाहील तर त्याची निराशा होईल.

याच संदर्भात आणखी एक सांगतो. माझी पत्नी शस्त्रक्रियेनंतर शहरातील एका रुग्णालयात चार रात्री होती. वॉर्डातील पांढऱ्या ट्यूब रात्रभर जळत होत्या आणि ती डोळ्यांवर पदर ओढून पडून असे. परिचारिकांना काम करायला उजेड हवा हे मान्य आहे, पण तो प्रत्येक खाटेवर रात्रभर कशासाठी?

कालच्या मजकुराची दुरुस्ती त्याच पानावर, तितक्याच ठळकपणे द्यावी, ही विनंती. वेशीवरच्या दिव्यासाठी मी दुसरा अर्ज लिहिला आहे. त्यात झाकण आणि ३००० केल्विनपेक्षा अधिक नसलेला दिवा, एवढ्या दोनच मागण्या आहेत.

आपला,
एक माजी सैनिक, खानापूर तालुका, जि. बेळगाव