ती मोठी झाडं काढू नकोस रे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जुनी मोठी झाडं आता वाढत नाहीत, नुसती उभी आहेत, ती काढून तिथे तिप्पट रोपं लावली की कार्बन जास्त शोषला जाईल, असं तू लिहिलंयस आणि ते वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो. तुझ्या मनात चांगलंच आहे, मला माहितीये, पण हिशोब चुकतोय.

बघ, एक झाड 10 सेंमी व्यासाचं आणि दुसरं चांगलं 1 मीटरचं. दोघांनीही वर्षभरात खोडाभोवती 3 मिमी जाडीचं नव्या लाकडाचं कडं धरलं समज. छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून 1.3 मीटरवर टेप लावलास तर दोघांचाही घेर जेमतेम 2 सेंमीने वाढलेला दिसेल, अगदी सारखाच! पण तेच कडं मोठ्या झाडाभोवती दहापट लांब आहे, म्हणजे तेवढ्या आडव्या कापातच दहापट नवीन लाकूड, शिवाय खोड उंच, फांद्या जाड, म्हणजे खरा फरक त्याच्याही कितीतरी पुढे जातो. टेप खोटं बोलत नाही, पण पूर्ण गोष्टही सांगत नाही.

हे माझं घरगुती गणित झालं. 2014 मध्ये संशोधकांनी 403 जातींच्या पावणेसात लाखांच्या आसपास झाडांची मोजमापं तपासली, तर बहुतेक जातींत झाड जितकं मोठं तितकं ते दरवर्षी जास्त वजन धरतं असं निघालं. 1 मीटर व्यासाचं झाड जमिनीच्या वर सरासरी 103 किलो सुकं वजन वाढवतं, वर्षाला! त्यातला जवळपास निम्मा कार्बन, आणि 1 किलो कार्बन म्हणजे हवेतला 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड. तूच गुणाकार कर. पुढे 2018 मध्ये जगभरातल्या 48 जंगलांचे प्लॉट पाहिले, त्यात सगळ्यात मोठी 1 टक्का झाडं एकूण जैवभाराचा, म्हणजे सगळ्या झाडांच्या मिळून सुक्या वजनाचा, अर्धा वाटा सांभाळून होती.

आता तुझ्या बाजूनेही एक सांगतो, कारण तू ऐकलंयस ते अगदीच हवेतलं नाही. कोवळं दाट जंगल हेक्टरमागे झपाट्याने वाढतं, आणि म्हाताऱ्या जंगलात काही झाडं मरतात, जागा रिकाम्या होतात, म्हणून जंगलाची एकूण वाढ मंदावते. पण ती जंगलाची गोष्ट झाली, उभ्या असलेल्या एकेका झाडाची नाही. आणि तोडलेल्या झाडातला साठा परत हवेत जायला लागतो, तो भरून काढायला रोपांना कित्येक दशकं लागणार.

मला खरी काळजी उन्हाची वाटते. सगळ्यात मोठ्या झाडाचा शेंडा सगळ्यांच्या वर, थेट उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात, आणि पाणी चढवायचं असतं मुळापासून तिथपर्यंत. दुष्काळात खोडातल्या बारीक नळ्यांमधले पाण्याचे सलग दोर ताणले जातात, नळ्यांत हवा शिरते, दोर तुटतात. ते टाळायला पानं आपली रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, मिटून घेतात, मग कार्बन आत यायचा थांबतो, पण झाडाचा श्वास चालूच राहतो, साठवणीतलं खात राहतं बिचारं. 2020 मध्ये उष्ण कटिबंधातल्या 813 प्लॉटांवरून दिसलं की सर्वात गरम महिन्यातलं दुपारचं तापमान सरासरी 32.2 अंशांच्या वर गेलं की जंगलातला कार्बन जास्तच वेगाने घटतो.

म्हणून आजूबाजूची झाडंसुद्धा ठेव रे, ती गेली की मोठ्या झाडाला गरम वारा चारी बाजूंनी लागतो. बुंध्याजवळ खणू नकोस, पाचोळा झाडून काढू नकोस, ओल त्यातच टिकते. रोपं जरूर लाव, मोकळ्या जागेत लाव, मी येतो खड्डे काढायला.

तोडायची तारीख ठरली असेल तर पुढे ढकल. आधी टेप घे, प्रत्येकाचा घेर मोज आणि मला पाठव. 314 सेंमीच्या, म्हणजे 1 मीटर व्यासाच्या, आसपास कुणी निघालं, तर रात्र असली तरी फोन कर.

तुझाच