बिघडलेल्या केकचे टोस्ट करून देणाऱ्या भट्टीवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

तुमचा पत्र्याचा डबा घासून, उन्हात वाळवून ठेवलाय. शुक्रवारी भट्टी बंद असते, म्हणून गुरुवारीच पाठवते. तो रिकामा येणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. सोबत हे पत्र. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "हौ हौ, चाय पियो" म्हणून विषय संपवता. मग लिहूनच टाकावं म्हटलं, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडंच लिहिलं. तुम्ही रोज सकाळी मराठी पेपर पहिल्या पानापासून राशिभविष्यापर्यंत वाचता, त्यामुळं हेही वाचून दाखवायला कुणी लागणार नाही.

परभणीत मोंढ्यामागच्या तुमच्या भट्टीची ओळख केकची नाही. पावाची आहे, खारीची आहे, आणि सगळ्यात जास्त उन्हाळ्यातल्या नानकटाईची. लेकरांच्या परीक्षा संपल्या की घरोघरचा मैदा, डालडा, पिठीसाखर पिशवीत भरून बाया तुमच्या दारात बसायच्या. मजुरी किलोवर. प्रत्येकीच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी, आणि तरी कुणाची तरी नानकटाई कुणाच्या तरी डब्यात जायचीच. मी सहावीत असताना आईसोबत तिथं बसलेली आहे. तेव्हा तुमची दाढी काळी होती.

या पावसाळ्यात अंगणातलं लिंबाचं झाड वाकलं. सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी कृषी विद्यापीठातून रोप आणलं होतं, 'विक्रम' जातीचं. आपल्या विद्यापीठानंच काढलेली जात, फळं झुपक्यानं लागतात. लोणचं झालं, सरबत झालं, शेजारपाजारी वाटून झालं, तरी रोज सकाळी झाडाखाली दुरडीभर लिंबं. त्यात लेक पुण्याहून सुट्टीला आली. तिनं तिकडं कुठंतरी लिंबाचा लांबट केक खाल्लेला, पावासारखा कापायचा, बोट लावलं तर ओलसर लागणारा. "आई, घरची लिंबं आहेत, ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन आहे, मग अडलंय कुठं?" तिला काय जातंय विचारायला.

घरात अंडं येत नाही. सासरे माळकरी. म्हणजे केक बिनअंड्याचाच हवा, दह्यातला. मी तीन केले आणि तिन्ही वाया घालवले.

पहिल्यात कृतीतला कप म्हणजे आपला चहाचा कप धरला. सगळं त्याच कपानं मोजलं तर प्रमाण बिघडायचं कारण नव्हतं. पण सोडा आणि बेकिंग पावडर मी मापाच्या चमच्यानं, कृतीत लिहिल्याइतकीच घातली. पीठ झालं कमी, सोडा राहिला तेवढाच. केक फुगला, मग खाली बसला, आणि चव साबणाची. दुसऱ्यात ह्यांच्या शुगरची काळजी म्हणून साखर निम्मी केली. तो इतका निब्बर झाला की सुरीनं कापला तर भुगा पडायचा. तिसरा चांगला फुगत होता, तर विसाव्या मिनिटाला लाईट गेली. मी शहाणी, दार उघडून मोबाईलच्या उजेडात आत बघितलं. अर्ध्या तासानं लाईट आली तेव्हा मधोमध खड्डा पडला होता. वर चढवून आणखी वीस मिनिटं भाजला, तर कडा करपल्या.

केकचा एक दिवसाचा क्लासही करून झाला होता बरं का. फी भरून. तिथं तयार पाकीट फोडून त्यात पाणी घालायला शिकवलं.

तो तिसरा केक टाकवेना. दही घरचं, लिंबं घरची, पाव किलोला थोडाच कमी मैदा. म्हणून कपड्यात गुंडाळून तुमच्याकडं आणला आणि म्हटलं, "चाचा, याचे टोस्ट होतील का?" मला वाटलं पोरं हसतील. एक हसलाही. तुम्ही त्याला नुसतं बघितलं, तो ट्रे उचलून आत गेला.

मग तुम्ही मोठी सुरी घेऊन केक मधोमध उभा कापला आणि दोन्ही तोंडं उजेडाकडं धरली. वैद्यानं नाडी धरावी तसं दोन मिनिटं काहीच बोलला नाहीत. त्या दोन मिनिटांसाठीच हे पत्र आहे, चाचा. माझ्या केककडं तोवर सगळ्यांनी बघितलं होतं, पण कापलेल्या तोंडाकडं कुणी बघितलं नव्हतं. मीसुद्धा.

"मैदा डाले बाद इत्ता कायकू फेंटे?" हा तुमचा पहिला प्रश्न. मी घरात एकटीच असताना जे केलं ते तुम्हाला कसं कळलं, मला समजेना. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. आत खालून वर गेलेली लांबट भुयारं होती, मुंग्यांनी केल्यासारखी. चपातीची कणीक मळून मळून जशी लवचिक होते, तसाच मैदा ओला करून फेटला की चिवट होतो. चपातीला तो चिवटपणा हवा असतो, केकला नको. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा, चार-दोन गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या.

मग बुडाची ओली, गिच्च पट्टी. ती लाईटची करणी. मग करपलेल्या कडा. "साचा काला है क्या?" होता. नवा, काळा, न चिकटणारा, चांगले पैसे मोजून आणलेला. काळा पत्रा उष्णता जास्त ओढून घेतो, म्हणून आतलं शिजायच्या आत बाहेरचं भाजून निघतं. अशा साच्याला आच दहा-पंधरा अंशांनी कमी ठेवायची आणि चारी बाजूंनी कागद दुहेरी लावायचा. साचा टाकून द्या असं तुम्ही म्हणाला नाहीत, त्याचं मला फार बरं वाटलं.

मग एक तुकडा तोंडात टाकलात आणि तोंड वाकडं केलंत. कडू. लिंबाची साल किसताना आतला पांढरा भाग आला होता. पुस्तकातली कृती त्या मोठ्या, जाड सालीच्या पिवळ्या लेमनची असते. 'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' म्हणणाऱ्या आपल्या गावात ते कुठून येणार? आपलं लिंबू कागदी. कागदासारखी साल म्हणूनच ते नाव. दोनदा किसणी फिरवली की पांढरं लागतंच. आता मी बारीक किसणीवर लिंबू एका जागी एकदाच ओढते आणि लगेच फिरवते. दोन लेमनऐवजी सहा कागदी लागतात, पण आमच्याकडं लिंबांना काय तोटा. किसलेली साल साखरेत घालून बोटांनी चोळायची युक्ती मात्र तुमची नाही, ती लेकीची. सालीतलं तेल साखरेत उतरतं आणि अख्ख्या स्वयंपाकघरात वास सुटतो. भट्टीत आयुष्यभर इसेन्सच वापरला, असं तुम्ही स्वतःच सांगितलंत. तुम्हाला जे माहीत नाही ते तुम्ही सरळ सांगता, हेही आभाराच्या यादीत घाला.

दुसऱ्या केकच्या साखरेवरून मात्र तुम्ही मला रागावलात. "मीठे के वास्ते नै, पानी पकड़ने कू." साखर पाणी धरून ठेवते, म्हणून केक दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. ती निम्मी केली की केक कोरडा पडणारच. ह्यांना काळजी असेल तर फाक पातळ द्या, केक बिघडवू नका. घरी तेच वाक्य सांगितलं. ह्यांना आवडलं नाही.

रविवारी दुपारी तुम्ही घरी आलात. नातवाच्या गाडीवर मागं बसून, मांडीवर तुमचा तो छोटा तराजू. सासऱ्यांनी उठून खुर्ची दिली आणि दोघं अर्धा तास पावसावर बोलत बसलात, मी तिकडं घड्याळाकडं बघतेय. मग तुम्ही ओटीजी 170 वर तापवायला सांगितला, स्टीलच्या ताटलीत चिमूटभर मैदा पसरून आत ठेवला आणि तोंडानं आकडे मोजायला लागलात. शंभरही झाले नाहीत तोवर मैदा तांबूस झाला. "ये एक सौ सत्तर नै." पाव काढल्यावर भट्टी केकजोगी उतरली की नाही, हे तुम्ही असंच बघता म्हणे. आधी पाव, मग खारी, मग उतरत्या आचेवर नानकटाई आणि केक. लाकडाच्या भट्टीला बटण नसतं, म्हणून तुमचं लक्ष आचेवर. आमचं लक्ष बटणावर. पुढं मी ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला. बटण 170 वर असताना काटा 195 वर होता.

त्या दिवशी जे तोललं ते मी वहीत लिहून ठेवलंय, आणि आता नात्यातल्या सगळ्या बाया मागतात म्हणून इथंही लिहिते. मैदा 190 ग्रॅम, साखर 150, घट्ट दही 240, बिनवासाचं तेल 120 मिली. बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर, सहा लिंबांची साल आणि एक मोठा चमचा रस. सालीची साखर, दही आणि तेल आधी भरपूर फेटायचं, काय हौस असेल ती तिथं भागवून घ्यायची. मैदा, पावडर, सोडा, मीठ एकत्र चाळून शेवटी घालायचं आणि उलथण्यानं हलक्या हातानं एकजीव करायचं. दह्याच्या आंबटपणाला सोडा लागला की बुडबुडे सुटायला लागतात, ते आपली वाट बघत नाहीत. म्हणून ओव्हन आधीच तापलेला पाहिजे. मी पूर्वी मिश्रण तयार करून मग ओव्हन लावायची. आणि लोण्याऐवजी तेल का, तर लोणी गारठ्यात थिजतं आणि केक घट्ट लागतो. तेल पातळच राहतं.

साचा सगळ्यात खालच्या जाळीवर, नाहीतर फुगलेला माथा वरच्या कांबीजवळ जाऊन करपतो. खऱ्या 170 वर पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. माथ्यावर मधोमध भेग पडते, ती पडू द्यायची. कडा आधी धरतात आणि मधलं मागून वर येतं, म्हणून ती पडते. सुई घातली की ओलं पीठ लागू नये, पण चार ओलसर कण लागले तर तेव्हाच बाहेर काढायचा. माझी सुई कोरडी ठणठणीत निघेपर्यंत केक आत, आणि तिथंच तो वाळायचा. आणि लाईट गेलीच तर दाराला हात लावायचा नाही, आतली ऊब आत राहू द्यायची. शेवटची दहा मिनिटं उरली असतील तर बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं.

आता पाक. हे मी तुम्हाला करताना बघितलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. गरम केकला विणायच्या सुईनं भोकं पाडलीत आणि वर लिंबाचा पाक ओतायला निघालात, तेव्हा मी खरंच "अहो चाचा" म्हणून ओरडले. गिच्च होईल ना! तुम्ही विचारलंत, "गुलाबजाम ठंडा करके डालते क्या पाक में?" 75 ग्रॅम साखर दोन चमचे पाण्यात विरघळवायची, गॅस बंद करायचा आणि मग 50 मिली लिंबाचा रस घालायचा. रस उकळला की ताजेपणा जातो. केक साच्यातच, दोन्ही गरम, आणि एकदम न ओतता तीनदा, मध्ये थांबून. तो सगळा पाक केकनं पिऊन टाकला, ताटलीत थेंब राहिला नाही. दहा मिनिटांनी साच्यातून काढायचा, कोमट झाला की कागदात आणि वरून धडप्यात गुंडाळून रात्रभर ठेवायचा. त्याच दिवशी कापू नका, असं तुम्ही तीनदा बजावलंत. लेकीनं रात्री अकराला कापला. सकाळचा जास्त छान होता हे तिला मान्य करावं लागलं.

चाचा, मला एक गोष्ट विचारायची राहूनच गेली. घरोघर ओटीजी आल्यापासून तुमच्याकडची उन्हाळ्याची रांग आखडत गेलीय, हे आम्हा सगळ्यांना दिसतं. धंद्यातली गोष्ट कारागीर सांगत नाही म्हणतात. तुम्ही मात्र माझ्याच घरी येऊन माझा ओव्हन नीट करून दिलात, आणि मजुरी घेतली ती फक्त टोस्टची.

तेही सांगते. त्या बिघडलेल्या तिसऱ्या केकच्या तुम्ही बोटभर फाका करून, करपलेल्या कडा कापून, रात्रीच्या उतरत्या भट्टीत वाळवून दिल्या होत्या. कुरकुरीत, लिंबाच्या वासाच्या. कडूपणा चहात कुठं गेला कळलंच नाही. सासऱ्यांनी चार दिवसांत डबा संपवला. आता मी दर रविवारी केक करते, तो मऊसूत होतो, सगळे वाहवा करतात. सासरे मात्र एक फाक खातात, "बरा आहे" म्हणतात आणि पेपर उघडतात.

काल त्यांनी मला विचारलं, पुढचा केक कधी बिघडणार आहे. गुरुवारी डब्यातून एक चांगला केक येईल, तो तुमच्या घरच्यांसाठी. त्याच्याखाली कागदात दुसरा असेल, शिळा, मुद्दाम चार दिवस ठेवलेला. त्याचे तेवढे टोस्ट करून द्या.

तुमची,
लिंबाच्या झाडाच्या घरची ताई