जाडजूड पुस्तक नको

दांडिया बाजार, बडोदे
शनिवार, संध्याकाळ

प्रिय सुमन,

तुझं पत्र पोचलं. नातवाला वाचनाची गोडी लागावी म्हणून कुठलं मोठं पुस्तक घेऊ, असं विचारतेस. मोठं मुळीच घेऊ नकोस. आठ-दहा पानांच्या, ठळक टाइपातल्या गोष्टी घे. एकाच बैठकीत संपली की पोर तीच पुन्हा मागतं. मागू दे.

शनिवारी माझ्याकडे आळीतली पोरं जमतात. घरी मराठी, शाळेत गुजराती. बोलण्यात कुणी हार जाणार नाही, पण मराठी पुस्तक पुढ्यात आलं की गाडी अडते. गुजरातीला शिरोरेघ नाही, आणि ज, ब, ख तिकडे वेगळेच दिसतात. तिसरीतला एकजण म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेऊन बसला. 'म्हातारी'पाशीच पहिली ठेच, 'म... ह... म्हा...' करत बोट शब्दावर दाबून धरलेलं. मग कोल्हा भेटला, वाघ भेटला, आणि बाई प्रत्येकाला तेच सांगते : लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा. वाघापर्यंत त्याचं बोट सुटलं होतं. वर पठ्ठ्याने आवाजही बदलला!

अक्षरं लावण्यातच सगळा जीव गेला तर अर्थाकडे बघणार कोण? तोच मजकूर पुन्हा वाचल्याने वेग येतो, हे अभ्यासकांनी तपासून पाहिलंय. आपल्या आज्या मात्र न तपासताच तेच वाक्य गोष्टीत चारदा घालत आल्या. गफ आणि टनमर या दोन वाचन-अभ्यासकांनी १९८६ साली मांडलं की वाचन म्हणजे शब्द उलगडणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार. बेरीज नव्हे हं! एक शून्य असलं की हाती शून्यच. तुझ्या नातवाला मराठी समजतं, म्हणजे एक आकडा घरातच तयार आहे. अक्षरओळख कच्ची असेल तर आधी ती घे. नुसत्या गोष्टीने ती भरून निघत नाही.

मुलांना वाचता येतं का हे देशभर तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तो मजकूर म्हणजे एक छोटी गोष्टच असते. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना ग्रंथालयांची घडी बसवायला बोलावलं, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. शाळेत शिकलेलं टिकायला हाताशी वाचायला काहीतरी लागतंच ना!

आणि गोष्ट संपली की 'तात्पर्य काय?' विचारू नकोस, पोरं पळून जातात. 'भोपळ्यात कोण आहे हे वाघाला कळलं असतं तर?' असं विचार, मग बघ कशी भांडतात.

दिवाळीला येशील तेव्हा पुण्याहून पातळ मराठी पुस्तकं आण, प्रत्येकाच्या दोन प्रती. इथे एकाच प्रतीवरून मारामारी होते. पैसे आल्यावर देते, आधी नाही.

तुझी,
शालू