सर्व्हे नंबर ४१, हिस्सा ३

पुणे

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

दादाच्या हाती पुठ्ठ्याची एक लांब नळी पाठवते आहे. तिच्यात आपल्या बुडालेल्या गावाचे नकाशे आहेत. बाबा, नळी लगेच उघडू नका. आधी हे पत्र आईकडून वाचून घ्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून महिनाही झालेला नाही आणि डॉक्टरांनी बारीक अक्षर वाचायला मनाई केली आहे. तुम्ही ऐकणार नाही हे माहीत असल्यामुळे गावनकाशा चौपट मोठा करून घेतलाय. तो पलंगावर पसरला की पलंग भरेल.

तीन कागद आहेत. पहिला अमेरिकेच्या लष्कराने १९५० च्या दशकात तयार केलेला, एका इंचात साधारण चार मैल. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हे नकाशे सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुले ठेवलेत. त्यात आपलं गाव म्हणजे एक ठिपका, त्याचं स्पेलिंगही वेडंवाकडं. पण त्यात उजनी धरण नाही. भीमा तिच्या जुन्या पात्रातून, तिच्या जुन्या वळणांनी वाहते आहे. माझा जन्म धरणानंतरचा. नदीचं खरं पात्र मी पहिल्यांदा या कागदावर पाहिलं आणि बराच वेळ त्या रेघेवर बोट ठेवून बसले.

दुसरा सर्व्हे ऑफ इंडियाचा, एका इंचाला एक मैल. ‘४७ जे’ या क्रमांकाखालचा, भिगवण त्यातच येतं. हा आईला आवडेल, कारण यात पायवाटासुद्धा तुटक रेघांनी दाखवल्यात. डिकसळला नदी ओलांडणारी जुनी रेल्वे बघा. पुण्याहून डिकसळपर्यंत गाडी १८५८ सालीच आली होती. धरणाच्या वेळी रूळ दुसरीकडून नेले आणि त्या पुलावरून पुढे मोटारी जायला लागल्या, हे तुम्ही पाहिलंच आहे. आजोबा सांगायचे ना, की गुळाची ढेप डोक्यावर घेऊन ते दोन कोस चालत स्टेशन गाठायचे? मी शिवणाचा दोरा घेतला, पायवाटेच्या वळणावळणाने नकाशावर ठेवला आणि मग सरळ करून पट्टीला लावला. चार इंचाला थोडा कमी. म्हणजे चार मैल, म्हणजे बरोबर दोन कोस. आजोबांनी सांगितलेलं अंतर इतकं चोख निघालं की त्यांच्या बाकीच्या गोष्टींकडेही मी आता वेगळ्या नजरेने बघते.

तिसरा कागद खरा महत्त्वाचा, आपल्या गावाचा नकाशा. मूळ नकाशात एका इंचाला वीस साखळ्या धरतात. साखळी तेहतीस फुटांची, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर ६६० फूट. बाबा, तुम्ही गुंठ्याचा हिशेब तोंडी करता, तो याच साखळीवर उभा आहे: तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, झाला एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस म्हणजे एकर. साखळीचे पुन्हा सोळा आणे पाडायचे. म्हणून जुन्या टिपणात बांधाची लांबी ‘सात साखळ्या, पाच आणे’ अशी लिहिलेली दिसते. पैशाचे आणे कधीच गेले, पण मोजणीच्या कागदात ते तसेच राहिलेत.

आणि हे सगळं आपल्याच तालुक्यात सुरू झालं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात आधी एक मोजणी करून सारा बसवला होता. तो इतका चुकीचा आणि इतका जड होता की इंदापुरातली माणसं जमिनी टाकून परागंदा झाली. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुका पुन्हा मोजायला घेतला, सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी ठरवून दिला. सर्व्हे नंबर केवढा असावा हे त्यांनी बैलजोडीवरून ठरवलं. एका जोडीला जेवढी जमीन कसता येईल तेवढा साधारण एक नंबर. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. आपल्या गावच्या नकाशावर कुठलाही चौकोन घ्या, त्याचा आकार कुठल्यातरी दोन बैलांच्या ताकदीने ठरलेला आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं. सरकारी कागदात जनावराची एवढी कदर झालेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आता मुद्द्यावर येते.

बुडालेल्या जमिनीचा आजचा सातबारा आपल्या काहीच कामाचा नाही, तो सरकारच्या नावे. वरच्या माळाच्या जमिनीला आता गट नंबर आहेत, कारण १९४७ च्या कायद्याने तुकडे जोडून गट पाडले गेले. गटावरून जुना सर्व्हे नंबर शोधायचा तर एकत्रीकरणाचं योजना पत्रक लागतं, ते मिळालं. नदीकाठच्या जमिनीसाठी मात्र मी भूसंपादनाच्या निवाड्यापासून, म्हणजे धरणात गेलेल्या जमिनीचा मोबदला ठरवणाऱ्या कागदापासून, सुरुवात केली. त्यात आजोबांच्या नावापुढे सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, झाडं आणि विहिरी, सगळं ओळीने लिहिलंय. आंब्याची सहा, चिंच एक, बाभळी. घर किती खणांचं तेही. आई, तू ज्या घरात लग्न होऊन आलीस त्याचे खण मी कागदावर मोजले.

त्या यादीत सर्व्हे नंबर ४१, हिस्सा ३ आहे. क्षेत्र दोन एकर चौदा गुंठे, आणि पुढे ‘पक्की विहीर १’. हा नंबर मी गावनकाशावर शोधला. नदीच्या वळणाला लागून, मळईच्या, म्हणजे गाळाच्या जमिनीच्या अंगाला, ओढा नदीला मिळतो तिथे. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून त्याचा फाळणी नकाशा काढला. सर्व्हे नंबर भावाभावांत वाटला गेला की हिस्से कसे पडले हे दाखवणारा तो कागद. ४१ चे तीन हिस्से. एक पणजोबांचा, एक त्यांच्या मधल्या भावाचा. तिसऱ्यात विहीर, आणि तिसरा एका बाईच्या नावे.

तिचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. नकलेवर मी त्याखाली लाल रेघ ओढली आहे, ते बाबांनी स्वतः वाचावं असं वाटतं. नावापुढे ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, आणि नवऱ्याचं नाव. तो नवरा म्हणजे पणजोबांचा सर्वांत धाकटा भाऊ. भाटाच्या वहीतून उतरवून घेतलेली आपली वंशावळ मी पुन्हा काढून पाहिली. त्यात या धाकट्या भावाच्या नावाखाली ‘निर्वंश’ एवढंच आहे. त्याला बायको होती, ती त्याच्यामागे राहिली, तिने जमीन कसली, याचा मागमूस नाही. वंशावळ म्हणून आपण जे जपतो त्यात मुलगे नसलेल्या माणसाची फांदी अशी कापलेली असते आणि बायका तर कुठेच नसतात. हे मला मान्य नाही आणि ते मी बदलणार आहे.

फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, दोन सापडले. पहिल्याने ती आली: नवरा मयत, मूलबाळ नाही, भाऊ विभक्त, म्हणून वारस बायको. दुसऱ्याने ती गेली, १९५३ साली. ती मयत झाल्यावर जमीन आजोबांच्या नावे लागली. त्या काळी विधवेला अशी जमीन मिळायची ती हयातीपुरतीच. विकायची किंवा कोणाला द्यायची तर मोकळीक नसायची, तिच्यामागे ती नवऱ्याच्या भाऊबंदांकडे परत जायची. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अशी जमीन बाईच्या पूर्ण मालकीची झाली. तिला तीनच वर्षं कमी पडली. त्या दोन एकर चौदा गुंठ्यांच्या मोबदल्यातून आपलं नव्या गावठाणातलं घर उभं राहिलं, निदान त्याचा एक भाग. हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. आपण तिच्या जमिनीवर वाढलो, तर तिचं नाव तरी आपल्याला माहीत असावं, एवढंच.

आता विहीर. बाबा, उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरलं, गाळ उघडा पडला, की तुम्ही काठावरून हात करून सांगता, ‘ती बघ, तिकडे काकीची विहीर.’ लहानपणापासून ऐकतेय. आजोबाही तेच म्हणायचे. मी कधी विचारलं नाही कुठली काकी, तुम्हीही कधी सांगितलं नाही. आजोबांना काकी म्हणावी अशी ही एकच बाई कागदावर आहे. पण खात्री हवी म्हणून मी आणखी एक केलं. मोफत मिळणारं एक नकाशांचं सॉफ्टवेअर आहे, क्यूजीआयएस. त्यात जुना नकाशा आजच्या उपग्रहाच्या चित्रावर बसवता येतो. दोन्हींत ओळखू येणाऱ्या, जागच्या न हललेल्या खुणा लागतात. एक मैलाच्या नकाशासाठी डिकसळचा पूल आणि पळसदेवच्या बुडालेल्या देवळाचं शिखर उपयोगी पडलं, पाणी उतरलेल्या दिवसांच्या चित्रात ते स्वच्छ दिसतं. गावनकाशासाठी वरच्या अंगाची शीव, मारुतीकडचा रस्त्याचा फाटा आणि ओढ्याचं वरचं वळण घेतलं. बसवल्यावर हिस्सा ३ बरोबर तिथेच आला, जिथे तुम्ही हात करता. पाच-पंचवीस फूट इकडेतिकडे होईल, हाताने काढलेल्या नकाशाचा ताण तेवढा असतोच. पण आजूबाजूला निवाड्यात दुसरी पक्की विहीर नाही.

म्हणजे काकीची विहीर खरोखर काकीची होती. तिने ती बांधून घेतली की नवऱ्याने, हे कागद सांगत नाही. एकट्या बाईने नदीकाठच्या रानात विहिरीवर मोट चालवली असेल तर नाडा कोणी धरला, बैल कोणाचे, तिला हिस्सेदारीने कोणी कसायला मदत केली, यातलं काहीच नकाशात नसतं. शेताचं नाव मात्र असतं. सातबाऱ्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आहे, बहुतेक जण तो वाचतही नाहीत. आपल्या जुन्या उताऱ्यांत त्या रकान्यात ‘मळई’, ‘चिंचेची पट्टी’, ‘खालचा मळा’ अशी नावं मिळाली. हिस्सा ३ समोर तो कोरा आहे.

म्हणून तुमच्याकडे काम सोपवते आहे. बाबा, १९५३ मध्ये तुम्ही सात वर्षांचे होतात. त्या वयातलं थोडंफार आठवत असेलच. ती आपल्या घरात राहायची की रानातल्या वस्तीवर? दिसायला कशी होती? आजोबा तिच्याशी कसे बोलायचे? तिचं कोणी माहेरचं येत असे का? आणि तिच्या शेताला घरात काय म्हणत? जे आठवेल ते, तुकड्यातुकड्याने चालेल. शंका असेल तरी सांगा, मी ‘बाबांना असं वाटतं’ म्हणून लिहीन.

आई, तुला जास्त माहीत असेल असा माझा अंदाज आहे. तू आलीस तेव्हा ती नव्हती, पण आजी तुझ्याशी चुलीपुढे बसून जे बोलायची ते बाबांच्या कानावर कधी आलं नसणार. आजी सासरी आली तेव्हा ही जिवंत होती. दोघींनी एका घरात नाही तरी एका गावात दिवस काढलेत. तिचं माहेर कोणतं, हे मला सर्वांत आधी हवंय. नदीपलीकडचं, करमाळा तालुक्यातलं असेल तर जिल्हा बदलतो आणि पुढचे कागद सोलापूरकडे शोधावे लागतील. माहेरचं गाव कळलं की तिकडचा नकाशा मी मिळवते. तिच्या भावाचं घर कुठे होतं हे विचारायला तिथलंही कोणीतरी म्हातारं माणूस भेटेलच.

नळीत दोन पेन्सिली आहेत, एक तांबडी, एक काळी. गावनकाशावर बिनधास्त लिहा, तो तुमच्यासाठीच काढलाय, माझ्याकडे दुसरी प्रत आहे. गावठाणाच्या चौकोनात सरकारने एकही घर दाखवलेलं नाही, नुसती हद्द आहे. तिथे काळ्या पेन्सिलीने आळी, वाडा, आड, पार, तालीम, ज्याची जागा आठवेल ती खूण करा. आई, तू पाणी आणायला जायचीस ती वाट काढ. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही काढा, खोडू नका. शेतांची नावं तांबड्याने. शेजारच्या काकांनाही बोलवा, वरच्या आळीचं त्यांना जास्त ठाऊक. पण त्यांनी चहा नकाशावर ठेवायचा नाही, हे आई बघेल.

मे महिन्यात पाणी खाली गेलं की आपण सगळे जाऊ. दादा गाडी काठापर्यंत नेईल, बाबांना चालायला लागणार नाही. त्याआधी नवी वंशावळ मी लिहून काढते, बायकांच्या नावांसकट आणि त्यांच्या माहेरांसकट. आई, तुझ्यापासून वर आजी, पणजी, तिच्या दोन्ही जावा, जेवढ्या आठवतील तेवढ्या सांग. फोनवर सांगितलंस तरी चालेल, रविवारी दुपारी मी मोकळी असते.

बाबांनी डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत. आईने गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगावं, तो येताना आणेल.

तुमची,
थोरली