वरच्या मजल्यावरच्या काकांना, इतक्या शुक्रवारांसाठी थँक्यू

काका, साष्टांग नमस्कार.

हे सगळ्यांसमोर लिहितोय कारण फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलता, आणि परळची आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून तुम्ही बदलापूरला, मी ऐरोलीत, समोरासमोर बसणं काही होत नाही. ताई वाचून दाखवेल, तिला सांगून ठेवलंय.

आठवतंय ना, मी नाइट शिफ्ट करून यायचो आणि तुम्ही दुधाची पिशवी घेऊन जिना चढत असायचात. एकदा माझ्या कानात काय वाजतंय विचारलंत, मी म्हटलं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते दुःख सांगणारं गाणं, त्यातले मोठे गिटारवाले गायक बी. बी. किंग. तेव्हा मी ब्लूज ऐकायचो म्हणजे तीच वीस-पंचवीस जुनी गाणी, अ‍ॅपसुद्धा फिरून फिरून तेच वाढायचं आणि माझी पक्की समजूत होती की २०१५ ला बी. बी. किंग गेले तिथे सगळं संपलं. तुम्ही जिन्यातच थांबलात. "अरे माणसं जिवंत आहेत, नवीन रेकॉर्डी काढतायत आणि तू फक्त फोटोला हार घातलेल्यांचंच ऐकतोस?" काका, ते वाक्य अजून कानात आहे.

मग वर बोलावलंत. गणपतीच्या मांडवात आणि हळदीला ऑर्केस्ट्रात वाजवलेली तुमची ती गिटार खाटेखालून काढलीत, करंगळीत खोकल्याच्या औषधाची रिकामी काचेची बाटली घातलीत आणि तारेवरून हळूच सरकवलीत. कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मधे कुठेतरी सूर थांबला आणि माझ्या अंगावर काटा आला. पेटीवर शोधू नकोस, तिथे ती पट्टीच नाहीये, असं म्हणालात. आत काकूंच्या कुकरची शिट्टी झाली तरी तुमचा हात तसाच होता.

आणि बारा बार, म्हणजे ब्लूजच्या गाण्याचा बारा घरांचा साचा. हे मला कुणीच इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, झाले बारा. सगळ्यात वरची चार पेरं ही पहिली ओळ, चारही सा. मधली चार ही दुसरी ओळ, म म सा सा. खालची चार ही तिसरी, प म सा सा, आणि शेवटच्या पेरावर परत प ला जाऊन पुन्हा वरून सुरू. शब्दांचंही तसंच, एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचं. "गाऱ्हाणं दोनदा सांगितल्याशिवाय कोण ऐकतं" म्हणालात. आता ट्रेनमध्ये कुठलंही नवीन गाणं लागलं की माझा अंगठा आपोआप पेरांवर फिरतो, शेजारच्याला वाटत असेल हा जप करतोय.

पण खरे आभार त्यानंतरच्या गोष्टीचे. नवीन कसं शोधायचं ते तुम्ही शिकवलंत. गाणं आवडलं तर नुसता गायक बघू नको, ती तीन टिंबं दाब, क्रेडिट्स काढ, ड्रमवर कोण, प्रोड्यूसर कोण ते वाच. ब्लूजमधले बुजुर्ग गिटारवाले बडी गाय, त्यांच्या रेकॉर्डींवर प्रोड्यूसर म्हणून टॉम हॅम्ब्रिज हे नाव मला सापडलं, त्या नावामागून गेलो तर २०१९ चा 'किंगफिश' अल्बम, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा वीस वर्षांचा पोरगा ख्रिस्टोन 'किंगफिश' इन्ग्रॅम, आणि त्यात एका गाण्यात खुद्द बडी गाय त्याच्यासोबत! मी धावत वर आलो तर तुम्ही शांतपणे "मिळाली का सुरमई?" म्हणून विचारलंत, किंगफिश म्हणजे सुरमईच ना. म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं आणि तरी तुम्ही माझं मला शोधू दिलंत. त्याचा २०२१ चा '६६२' आपण दोघांनी एकाच आठवड्यात पाच वेळा ऐकला असेल, ६६२ म्हणजे तिकडचा टेलिफोनचा कोड, जसा आपला ०२२. त्याला ग्रॅमी मिळालं तेव्हा तुम्ही पेढे आणलेत, हे मी ऑफिसात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

मग लेबलवरून, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीवरून शोधायचं. शिकागोचं अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्स, ब्रूस इग्लॉअर यांनी १९७१ साली हाउंड डॉग टेलरची रेकॉर्ड काढायची म्हणून सुरू केलेलं. किंगफिशचे पहिले दोन अल्बम तिथलेच आणि शेमेकिया कोपलंडचा २०२४ चा 'ब्लेम इट ऑन ईव्ह' पण तिथलाच, तिचा आवाज ऐकून काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसल्या होत्या.

लव्हेल बहिणींच्या लार्किन पो या बँडवर मात्र आपलं जमलं नाही. तुम्हाला त्यात रॉक जास्त वाटतं आणि मला मेगन लव्हेलची लॅप स्टील, ती आडवी धरून वाजवायची गिटार, म्हणजे माणूस बोलतोय असं वाटतं, त्यांचा 'ब्लड हार्मनी' अल्बम एकदा रात्री दिवे बंद करून ऐका ना, माझ्यासाठी. सेड्रिक बर्नसाइडच्या बाबतीत मात्र तुमचंच खरं. त्याचा 'हिल कंट्री लव्ह' अल्बम लावला आणि मी सवयीने पेरं मोजायला लागलो, बारा काही जुळेनात, तो एकाच सुरावर ठाण मांडून बसलेला. तुम्ही माझी मूठ धरून बंद केलीत, "हे मोजायचं नाही, यावर चालायचं." आजोबा आर. एल. बर्नसाइड यांच्यामागे ड्रम वाजवत मोठा झालेला माणूस, त्याची गिटारही ड्रमसारखीच चालते. तेव्हापासून ठाणे स्टेशनचा पूल मी त्याच ठेक्यावर चढतो.

आणि ३० जुलै २०२५. नवीन रेकॉर्डी शुक्रवारी येतात, पण तो बुधवार होता आणि सकाळी सकाळी तुमचा फोन. बडी गाय ८९ वर्षांचे झाले आणि वाढदिवसालाच नवीन अल्बम, 'एन्ट डन विथ द ब्लूज'. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ ला पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला तुम्ही त्यांना समोर उभं राहून ऐकलं होतंत, ते सांगताना तुमचा आवाज बसला. फोन स्पीकरवर ठेवून आपण पहिली तीन गाणी ऐकली, तुम्ही बदलापूरला, मी ऑफिसच्या जिन्यात, मधे एक शब्द कुणी बोललं नाही.

बाबा गेले त्या वर्षी मला घरात थांबवत नव्हतं, हे तुम्हाला कळलं होतं ना काका? तुम्ही कधी काही विचारलं नाहीत, फक्त दर शुक्रवारी भिशीच्या जुन्या कागदाच्या पाठीवर एक नाव लिहून दाराच्या फटीतून आत सरकवायचात. ते एकूण एक कागद मी जपून ठेवलेत, पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात.

या शुक्रवारी शिफ्ट संपली की थेट ठाण्याला येऊन बदलापूर गाडी पकडतो. क्रेडिट्स वाचून मीही एक नाव शोधलंय, ते फोनवर सांगणार नाही. येताना ब्रून पाव आणतो. बाटली तेवढी काढून ठेवा.

तुमचाच,
खालच्या मजल्यावरचा